पोपटीपर्यंतची मुदत

पेणजवळच्या गडबला, हायवेच्या कडेला माझं शिवणकामाचं दुकान होतं. दुकान म्हणजे पत्र्याचा गाळा, एक मशीन आणि एक उभा आरसा. रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा गाळा गेला. मशीन घरी आलं, पण गिऱ्हाइकं काही मशीनच्या मागोमाग आमच्या आतल्या गावात आली नाहीत. नवरा म्हणाला, "आता बस जरा निवांत." चाळिशीतल्या बाईला असं सांगणारा माणूस मनाने वाईट नसतो, पण त्या दिवशी मला त्याचा भयंकर राग आला. मला निवांत बसायचंच नव्हतं. ज्याच्यावर हात ठेवून 'हे माझं' म्हणता येईल, असं काहीतरी मला हवं होतं.

ते मधमाश्यांच्या पेटीत सापडेल असं मात्र कधी वाटलं नव्हतं. माझं माहेर अष्टमीला, नदीवरचा पूल ओलांडला की रोहा. शिमग्याच्या आधी माहेरी गेले होते, तेव्हा रोह्यात मधमाशीपालनाचं शिबिर लागलं होतं. भावजय म्हणाली, चल, चहा-नाश्ता पण आहे. ती नाश्ता करून घरी गेली, मी शेवटपर्यंत बसले. शिकवणाऱ्या सरांनी पेटीचं झाकण काढून आतली एक चौकट अलगद वर उचलली. तिच्यावर माश्या दाटीवाटीने बसल्या होत्या आणि लांबच्या खोलीत कोणीतरी शिवणयंत्र चालवावं तसा आवाज येत होता. गाळा गेल्यापासून तो आवाज माझ्या कानावर पडलाच नव्हता. ही आपली सातेरी माशी, सर सांगत होते, कोकणातलीच, शांत असते, पण मानी. बिनसलं तर घर सोडून जाते. मी मनात म्हटलं, मग आमचं जमेल.

दोन पेट्या घेऊन आले. रिक्षा दाराशी थांबली, पेट्या उतरल्या, आणि सासूबाईंनी ओटीवरूनच विचारलं, "काय हाय त्यात?" मी सांगितलं. त्यांनी पानाची शीर काढता काढता माझ्याकडे पाहिलं. "आधी मशीन, आता माश्या. उद्या वाघ आण."

परसात, कुंपणाच्या आतल्या बाजूला, लाकडी घोड्यांवर पेट्या ठेवल्या. कुंपणाच्या पलीकडे बांध आणि बांधापलीकडे धाकट्या चुलत दिरांची जमीन. भाऊजी पावसाळ्यात भात करतात आणि भात कापून झाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात. त्यांचा स्वभाव माझ्यासारखाच आहे, म्हणजे तापट. त्यामुळे आमचं लग्नापासून फार जमलेलं नव्हतं.

पहिल्या महिन्यात मी पेट्या इतक्या वेळा उघडल्या, की नव्या सुनेच्या खोलीत डोकावणारी सासूसुद्धा बरी. आठवड्यातून एकदा उघडा, असं सरांनी बजावलं होतं. पण मला सकाळी वाटायचं, राणीमाशी आहे ना? दुपारी वाटायचं, अंडी घातली असतील ना? प्रत्येक वेळी माश्या चिडायच्या, माझ्या मनगटाला चावायच्या आणि मी त्यांच्यावर चिडायचे. घोड्याच्या पायांखाली मुंग्यांसाठी पाण्याच्या वाट्या ठेवल्या, तर गवताचं एक पातं वाटीवर वाकलं आणि त्या पात्यावरून मुंग्यांनी रीतसर रस्ता काढला. विजेच्या तारेवर वेडे राघू येऊन बसायचे आणि माझ्या माश्या हवेतल्या हवेत टिपायचे. मी खाली उभी राहून त्यांना काठी दाखवायचे. शेजारच्या बायका दारात येऊन बघायच्या. बघू देत, म्हटलं.

जांभळं फुलली तेव्हा दोन्ही पेट्या जोमात होत्या. मग पावसाळा लागला आणि माझी परीक्षा सुरू झाली. पावसात फुलं नसतात, असली तरी माशीला बाहेर पडता येत नाही. साखरपाणी करून आत ठेवायचं, कपडे वाळत नाहीत त्या हवेत पेटी कोरडी ठेवायची, फटी बुजवायच्या. मी साखरपाणी देत राहिले आणि फटींकडे माझं दुर्लक्ष झालं. श्रावणात एका सकाळी उघडीप होती म्हणून डावीकडची पेटी उघडायला गेले, तर झाकण उचलतानाच ती हलकी लागली. आत माश्या नव्हत्या. पोळ्यांवर कोळिष्टकासारखी जाळी पसरली होती आणि जाळ्यात पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. मेणकिडा लागला होता. पोळी पोखरली गेली आणि माझ्या माश्या घर सोडून कुठेतरी पावसात निघून गेल्या होत्या.

मी परसात बसून रडले, खोटं कशाला बोलू. नंतर ती पोळी काढली आणि चुलीत घातली. नवरा कंपनीतून शिफ्ट करून आला. मेणाचा वास घरभर होता. जेवताना तो म्हणाला, "एक गेली ना. दुसरीसुद्धा जाईल. कशाला जिवाला घोर? दे सोडून."

"नाही सोडणार," मी म्हटलं.

"बरं," तो म्हणाला आणि त्याने भात वाढून घेतला. त्याला माझा तो आवाज माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी पेणला गेले. गणपतीच्या कारखान्यांत त्या दिवसांत रंगकामाची घाई असते, पण कोपऱ्यात शाडूची माती उरलेली असतेच. एका ओळखीच्या बाईकडून पिशवीभर आणली, शेणात कालवली आणि उजव्या पेटीच्या सगळ्या फटी लिंपून टाकल्या. माश्यांना झाकता येत नव्हती ती रिकामी पोळी कापून काढली, म्हणजे किड्याला जागाच उरू नये. पेटीच्या तळाची फळी दर आठवड्याला खरवडली. रिकामी पेटी धुऊन, तासून, पाऊस सरल्यावर उन्हात दिली आणि माळ्यावर ठेवली. नवऱ्याने विचारलं, रिकामी कशाला जपतेस. ते मलाच माहीत नव्हतं.

आणि पेटी जगली. पण गणपती उठले, आणि भाऊजी डोक्यावर गवताचा भारा घेऊन बांधावरून येताना भाऱ्याचं टोक कुंपणावरून पेटीला लागलं. एक माशी त्यांच्या कानाला चावली. कान असा सुजला, की टोपी बसेना. ते तरातरा आमच्या अंगणात आले आणि ओटीवरच्या सासूबाईंना म्हणाले,

"काकी, ही पेटी काढायला सांगा. नायतर मी पेटवून देईन!"

"पेटवून तर बघा," मी आतून बाहेर आले. "भारा नीट धरता येत नाही आणि माझ्या माश्यांना बोल लावता?"

"माश्यांच्या मालकीणबाई! उद्या पोरांना चावल्या म्हंजे?"

आमचे आवाज असे चढले, की शेजारची दारं उघडली. सासूबाईंनी दोघांनाही बोलू दिलं. आमच्या घरात शेवटचा शब्द त्यांचा असतो आणि तो त्या घाईने उच्चारत नाहीत. पान लावून झालं, तोंडात गेलं, मग त्या म्हणाल्या, "पोपटीपर्यंत ऱ्हाऊ दे पेटी. पोपटीला सगले येतात, पोरंटोरं येतात. तवर जर का अजून कोणाला चावली, घरचा असो नाय तर पावना, पेटी ह्या घरात दिसायची नाय. नाय चावली, तर ऱ्हाईल."

"आणि मला चावली तर?" मी विचारलं.

"तुजं तू बग. तुजं मोजत नाय."

बाहेरच्यांना सांगायला हवं, की आमच्या भागात थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की शेतातच पोपटी लावतात. मडक्यात शेंगा भरायच्या, मडकं उपडं करायचं आणि भोवती जाळ करायचा. आमच्याकडे पोपटी हा सणच आहे, फक्त त्याला तिथी नाही. शेंगा भरतील तेव्हा. म्हणजे माझ्या पेटीची मुदत वालाच्या शेंगांवर ठरली होती, आणि शेंगा भाऊजींच्या शेतात होत्या.

मी कामाला लागले. पेटीचं तोंड बांधाकडे होतं, ते रोज थोडं थोडं वळवत बाजूच्या, वाट नसलेल्या कुंपणाकडे केलं, म्हणजे माश्या वर उडून मगच बाहेर पडतील. भोवती झावळ्यांचा आडोसा केला. येणाऱ्या-जाणाऱ्याला मी लांबूनच ओरडून सांगू लागले. पोस्टमनसुद्धा आमच्या घराला वळसा घालू लागला.

भात कापून झालं, वाल उगवला, फुलला, आणि माझ्या माश्या त्यावर तुटून पडल्या. मी बांधावर उभी राहून बघायचे. फुलात डोकं घालून पाठमोऱ्या झालेल्या माश्या बघताना मला इतका आनंद व्हायचा, की दुपारचं जेवण लांबायचं. अशाच एका सकाळी भाऊजी पाठीला फवारणीचा पंप लावून आले. वालावर मावा कीड पडली होती. फवारा सुरू झाला तर फुलावर बसलेली एकही माशी परत येणार नव्हती. मी पदर खोचला आणि थेट वाफ्यात उतरले.

"भाऊजी, संध्याकाळी मारा. ऊन उतरलं की माश्या घरात असतात."

"तुमच्या माश्यांच्या वेला बघून मी शेती करू?"

"करा. फुलाला शेंग त्यांच्यामुळे धरते."

"शेंग खतामुलं धरते," ते म्हणाले. "जावा घरी."

मी गेले नाही. वाफ्यातच उभी राहिले. आता वहिनीच्या अंगावर फवारा मारता येत नाही, तेव्हा ते काहीबाही पुटपुटत निघून गेले. ऊन उतरल्यावर मात्र बांधापलीकडून पंपाचा आवाज आला. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "सकाली ऊन लागतं, म्हणून संध्याकाली मारलं." हिवाळ्यातलं ऊन! मी हसू दाबलं आणि होय म्हटलं. त्यानंतर ते कधी सकाळी फवारताना दिसले नाहीत.

शेंगा भरल्या. अशा भरल्या, की सासूबाईंनीसुद्धा एक सोलून दाणे हातावर घेऊन पाहिले. माश्यांमुळे, थंडीमुळे की खतामुळे, देव जाणे. भाऊजी गावभर सांगत होते, की औंदा खत चांगलं लागलं.

पोपटीला नणंदा आल्या, त्यांची पोरं आली, भाऊजींच्या सासुरवाडीचे आले. जागा दरवर्षीचीच, बांधापलीकडचा मोकळा तुकडा, म्हणजे माझ्या पेटीपासून हाकेच्या अंतरावर. दुपार कलली तशी पोरं कुंपणाजवळ धावू लागली. माझा जीव टांगणीला लागला. एवढे महिने निभावलं आणि आज एका पोराने चेंडू मारला की संपलं! मी धूरदाणी काढली. थोडा धूर दिला की माश्या आत शांत बसतात, हे शिबिरात शिकले होते. नारळाचं काथ्याचं सोडण पेटवलं, तेवढ्यात सासूबाई काखोटीला भांबुर्ड्याचा भारा घेऊन चालल्या होत्या. भांबुर्डा म्हणजे वालाच्या शेतात आपोआप उगवणारी उग्र वासाची झुडपं. पोपटीच्या मडक्यात तळाला आणि तोंडाला त्याचाच पाला दाबतात. त्याच्याशिवाय शेंगेला ती चव येत नाही.

"त्यात मूठभर ह्यो टाक गो," त्या म्हणाल्या. "ह्याच्या वासानं किडूक जवल येत नाय."

मला पटलं. त्या दिवसांत आमचे हात, पदर, केस, सगळ्याला भांबुर्ड्याचा वास असतो, आणि तो वास आला की कोणाच्याही तोंडाला पाणी सुटतं. इथल्या माणसाला हा पाला वाईट असू शकतो असं स्वप्नातसुद्धा वाटणार नाही. मी मूठभर नव्हे, चांगला दोन मुठी कोंबला आणि पेटीच्या दारातून घट्ट, पांढरा धूर आत सोडला. पुन्हा सोडला. एकही माशी बाहेर आली नाही.

पोपटी झकास झाली. मडकं फोडल्यासारखं उघडलं, वाफ उठली, शेंगा, अंडी, बटाटे, कोंबडी, सगळं कागदावर ओतलं आणि पोरांनी बोटं भाजून घेत खाल्लं. कोणालाही माशी चावली नाही. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्या शेंग सोलत म्हणाल्या, "सकालपर्यंत थांब. पावने गेले नाय अजून." मी म्हटलं, थांबते. मला वाटत होतं मी जिंकलेच.

सकाळी चहा उकळत होता आणि मागून घोंघावल्यासारखा आवाज आला. बाहेर धावले. पेटीच्या दारातून माश्या पाण्यासारख्या ओसंडून बाहेर पडत होत्या. परसाच्या वर त्यांचं काळं चक्र फिरत होतं. पेटीजवळ गेले, आणि दारातून भांबुर्ड्याचा वास भपकन आला. कपाळावर हात मारला. ज्या वासाने किडूक जवळ येत नाही, तो वास मी माझ्याच किडकांच्या घरात कोंडून ठेवला होता.

चक्र कुंपणावरून पलीकडे सरकलं आणि बांधावरच्या भाऊजींच्या शेवग्यावर उतरलं. डोक्याच्या उंचीच्या एका फांदीला माश्यांचा घोस लोंबू लागला. त्याच्या खाली भाऊजी उभे होते, शेंगा तोडायला आलेले, हातात पाटी. ते जागच्या जागी थिजले होते. पाव्हण्यांची पोरं ओरडत धावली, सासूबाईंनी त्यांना मागे खेचलं. नवरा पहिल्या शिफ्टला गेलेला. मला एवढंच कळत होतं, की हा घोस इथे थोडा वेळ विसावणार आणि मग कायमचा उडणार. रडायला वेळ नव्हता. मी स्वयंपाकघरातली टोपली घेतली, तिच्या आत पावसाळ्यात कापून ठेवलेल्या पोळ्याचा तुकडा बांधला आणि बांधावर गेले.

"हलू नका," मी भाऊजींना म्हटलं.

"नाय हलत."

टोपली घोसाच्या वर उपडी धरायची आणि खालून पाल्याने हळूच सारायचं, माशी आपोआप वर, अंधारात चढते. पण शेवग्याची फांदी ठिसूळ. टोपली टेकताच ती कुरकुरली. मोडली असती तर सगळं खाली.

"भाऊजी, पाटी ठेवा. फांदी धरा."

मला वाटलं, हा माणूस आता पळेल. कान सुजलेला मी पाहिला होता. त्यांनी पाटी खाली ठेवली, हात लेंग्याला पुसले, घोसाच्या अगदी जवळ तोंड नेऊन दोन्ही हातांनी फांदी पेलली. मी पाला सारू लागले. "चला बायांनो, चला वर," असं काहीतरी बोलत होते. माझे दंड भरून आले, पण माश्या चढत होत्या, आधी एखाद-दुसरी, मग रांगेने.

"वहिनी," भाऊजी ओठ न हलवता म्हणाले. "कानावर हाय एक."

"हलू नका."

"हलत नाय हो."

मग त्यांनी दातांतून श्वास ओढला आणि डोळे गच्च मिटले. काय झालं ते मला कळलं. फांदी मात्र तसूभरही हलली नाही. शेवटच्या माश्या टोपलीत गेल्या तेव्हा मी तिच्यावर खांद्यावरून आणलेलं जुनं धोतर टाकलं आणि भाऊजींकडे न बघता घराकडे चालू लागले. बघितलं असतं तर मला रडू फुटलं असतं.

माळ्यावरची रिकामी पेटी उतरवली. स्वच्छ, उन्हाचा वास येणारी. जुन्या पेटीतल्या अंडी-पिल्लांच्या चौकटी झटकून, वारा देऊन तिच्यात लावल्या, टोपली आत रिकामी केली, आणि दाराला फक्त राणीला अडवणारी, बाकीच्यांना जाऊ देणारी जाळी ठोकली. मग समोर बसून राहिले. दुपारी काही माश्या दारात उभ्या राहून पंखांनी वारा घालू लागल्या. ऊन उतरता उतरता एक माशी पायांना वालाचे परागकण लावून आत शिरली. घर ठेवायचं असेल तरच माशी शिदोरी आणते, असं सर म्हणाले होते. मी उठले तेव्हा पायांना मुंग्या आल्या होत्या.

पाव्हणे निघायच्या तयारीत होते. सगळे ओटीवर होते, भाऊजीसुद्धा. सासूबाईंनी पानाची चंची बाजूला ठेवली आणि सगळ्यांसमोर विचारलं, "काय गो? कोणाला चावली काय?"

मी तोंड उघडलं. खोटं बोलायला जीभ वळत नव्हती आणि खरं बोलले तर माझी पेटी गेली.

"कोणाला नाय, काकी," भाऊजी म्हणाले.

त्यांचा डावा कान जास्वंदीसारखा लाल झाला होता आणि गालापर्यंत सूज उतरली होती. नणंदेचं पोर त्या कानाकडे बोट दाखवणार, तोच तिने त्याचा हात खाली दाबला. सासूबाईंनी भाऊजींच्या कानाकडे पाहिलं.

"मंग ऱ्हाऊ दे पेटी," त्या म्हणाल्या. "इकडं ये रे." आणि चंचीतली डबी उघडून, बोटावर चुना घेऊन, त्या त्यांच्या कानावर हलक्या हाताने चोळू लागल्या.